इयान मरडॉकने सोडलेली खुर्ची

आपल्या मुलांनी कॉम्प्युटर शिकला तो बिल गेट्सच्या गोष्टी ऐकत. शिक्षण अर्धवट सोडून कंपनी काढली आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला, ही एक गोष्ट. पत्नीकडून दहा हजार रुपये घेऊन नारायण मूर्तींनी पुण्यात इन्फोसिस उभी केली, ही दुसरी. क्लासवाला हेच सांगतो, पुस्तकवाला हेच छापतो आणि व्याख्यानमालेत पाहुणा म्हणून आलेला मॅनेजरही हेच बोलून जातो. या सगळ्या गोष्टींचा नायक मालक असतो. त्याने किती मिळवले, किती जमवले, किती वाढवले, यावर त्याची थोरवी मोजली जाते. धंद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण ज्या समाजाला हजारो वर्षे मालमत्ता आणि ज्ञान या दोन्हींपासून हाकलून लावले, त्या समाजाच्या मुलांपुढे एवढाच आदर्श ठेवायचा काय?

संगणकाच्या जगात असाही एक माणूस होऊन गेला, ज्याचे नाव कुठल्या वस्तूच्या मालकीमुळे नव्हे, तर मालकी सोडल्यामुळे राहिले. त्याचे नाव इयान मरडॉक. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते ऐकलेही नसेल. त्याची कारकीर्द आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने मुद्दाम वाचावी अशी आहे, आणि ती केवळ संगणकाच्या कारणासाठी नव्हे.

मरडॉकचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा, जर्मनीतल्या कोन्स्टान्झ गावचा. वाढला तो अमेरिकेत, इंडियाना राज्यात. तिथल्या परड्यू विद्यापीठात तो शिकत होता. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९१ साली, फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स नावाचा प्रोग्राम लोकांना खुला करून दिला होता. पण लिनक्स म्हणजे नुसते इंजिन. इंजिन हातात आले म्हणून कोणी प्रवासाला निघत नाही. चाके लागतात, सीट लागते, ब्रेक लागतो. हे सगळे जुळवून, तपासून, सामान्य माणसाला बसवता येईल अशी जी तयार गाडी मिळते, तिला लिनक्सच्या जगात डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. त्या वेळी एसएलएस नावाचे एक डिस्ट्रिब्यूशन चलतीत होते. त्यात चुकाच चुका. १६ ऑगस्ट १९९३ रोजी वीस वर्षांच्या मरडॉकने जाहीर केले की आपण नवे डिस्ट्रिब्यूशन तयार करत आहोत, काळजीपूर्वक, सर्वांसमोर आणि सर्वांच्या मदतीने. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा हिच्या नावातला 'डेब' आणि स्वतःचा 'इयान' जोडून त्याने नाव दिले डेबियन.

त्याने डेबियनचा जाहीरनामाही लिहिला. त्यात त्याचा राग स्पष्ट आहे. सदोष माल गोळा करायचा, मोठ्या जाहिराती करायच्या, पैसे घ्यायचे आणि दुरुस्तीची वेळ आली की पाठ फिरवायची, या धंद्यावर तो तुटून पडला. उपाय म्हणून त्याने मोठी कंपनी काढतो असे म्हटले नाही. काम उघड्यावर करू, ज्याला येते त्याने एकेक भाग सांभाळावा, असे म्हटले. रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर या कामाला पैसा दिला.

इथे 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगणे भाग आहे, कारण पुष्कळांना ते फुकटचे सॉफ्टवेअर वाटते. कोणताही प्रोग्राम आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो. तो त्याचा सोर्स कोड. विकणारी कंपनी तुम्हाला यंत्राला कळेल असा अखेरचा ठोकळा देते आणि सोर्स कोड तिजोरीत ठेवते. तुम्ही वापरा, पण आत काय आहे ते बघू नका, बदलू नका, शेजाऱ्याला देऊ नका. स्टॉलमनने १९८३ साली याविरुद्ध बंड केले. कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असलाच पाहिजे, आणि ज्याने तो घेतला त्याने पुढच्यालाही तो नाकारता कामा नये, अशी अट त्याने परवान्यातच घातली.

आपल्याला ही गोष्ट समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात शिसे ओतण्याची भाषा गौतम धर्मसूत्राने केली, ती काय होती? सोर्स कोड तिजोरीत ठेवण्याचीच ती व्यवस्था होती, फक्त तिजोरीवर शिक्षेचा पहारा होता. आणि त्याविरुद्ध तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला काय सांगितले? मी धम्म शिकवताना आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा भेद केला नाही, आचार्य जशी मूठ झाकून ठेवतात तशी मूठ तथागताची नाही. ही उघडी मूठ अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी ती १९९८ साली 'ओपन सोर्स' या नव्या नावाने बाजारात आणली आणि आपल्या मुलांना ती अमेरिकेची कल्पना म्हणून शिकवली जाते. असो.

आता खरी गोष्ट. मार्च १९९६ मध्ये, डेबियनची पहिली पक्की आवृत्ती निघण्याच्या तीन महिने आधी, मरडॉकने नेतृत्व सोडले. वय तेवीसही पूर्ण नव्हते. प्रकल्प वाढत होता, त्याच्या स्वतःच्या नावाचा अर्धा तुकडा त्या नावात होता, आणि त्याने सूत्रे ब्रूस पेरेन्सकडे दिली. ही नेमणूक होती, निवडणूक नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. पण त्याने खुर्ची सोडली म्हणून पुढच्यांना नियम लिहावे लागले. संस्थापक बसलेला असता तर नियमांची गरज कोणाला वाटली असती? 'साहेब सांगतील तसे' एवढ्यावर भागले असते. आपल्याला हे वाक्य फार परिचयाचे आहे.

जुलै १९९७ मध्ये डेबियनने आपला 'सामाजिक करार' मंजूर केला. त्याची पाच कलमे आहेत. त्यातले तिसरे आपल्या प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात पाटीवर लिहून लावावे असे आहे. आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही, असे ते कलम. आणि हे नुसते बोलणे नाही. डेबियनमध्ये सापडलेल्या चुकांची यादी पहिल्यापासून जाहीर आहे. जगातला कोणीही ती वाचू शकतो, तिच्यात भर घालू शकतो, कोणत्या माणसाकडे कोणती चूक किती दिवस पडून आहे ते पाहू शकतो. आता आपल्या शिक्षणसंस्था, ट्रस्ट, स्मारक समित्या, पतपेढ्या आठवा. वर्गणीचा हिशेब विचारणारा कार्यकर्ता कालपर्यंत निष्ठावंत असतो आणि प्रश्न विचारताच समाजद्रोही ठरतो. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आपल्या किती संस्थांची भांडणे वर्षानुवर्षे पडून आहेत? घरातली धुणी बाहेर धुवू नयेत, असा सल्ला आपले ज्येष्ठ देतात. डेबियनवाल्यांनी धुणी चौकात धुतली आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. २०१३ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी डेबियन घालण्याचा निर्णय झाला तो काय त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो पाहून?

करारासोबत जी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर झाली, त्यात एक कलम असे आहे की मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा समूहाविरुद्ध भेदभाव करता कामा नये. याच तत्त्वांवरून १९९८ साली 'ओपन सोर्स'ची व्याख्या बनवली गेली. मोठमोठ्या कंपन्या आज ज्या शब्दावर अब्जावधी कमावतात, त्याच्या व्याख्येत भेदभावबंदीचे कलम या स्वयंसेवकांनी लिहिले आहे.

मग डिसेंबर १९९८ मध्ये डेबियनचे संविधान आले. होय, त्याला ते संविधानच म्हणतात. प्रकल्पाचा नेता एका वर्षासाठी निवडला जातो. प्रत्येक डेव्हलपरला एक मत. तो उमेदवारांचा पसंतीक्रम लावतो. नेत्याने निर्णय घेताना स्वतःच्या मताचा अवाजवी आग्रह धरू नये, असे चक्क लिहून ठेवले आहे. डेव्हलपर ठराव करून नेत्याचा निर्णय फिरवू शकतात, नेत्याला परत बोलावू शकतात. संविधान बदलायचे तर तीनास एक बहुमत लागते. आणखी एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. न पटलेले काम कोणी करू नये, पण नियमाने झालेल्या निर्णयाच्या विरोधात मुद्दाम कारवायाही करू नयेत. स्वयंसेवकांच्या चळवळीला याहून नेमका नियम कोणता असू शकतो?

हे संविधान वाचताना बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आठवल्याशिवाय राहत नाही. त्या भाषणात त्यांनी सांगितले की भारताला संसदीय पद्धती नवीन नाही. बौद्ध भिक्खूसंघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्यांचे नियम होते. संघात शलाका वाटून मत घेतले जाई. आणि त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. तथागतांनीही आपला वारस नेमला नव्हता, धम्म हाच पुढे शास्ता राहील असे सांगितले होते, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठळकपणे मांडले. हे आपण दर १४ एप्रिलला ऐकतो आणि सभा संपली की पुढाऱ्याच्या गाडीमागे धावतो.

या कागदावरच्या नियमांची परीक्षाही झाली. २००६ साली डेबियनचा नेता अँथनी टाउन्स होता. नवी आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून तिच्या दोन व्यवस्थापकांना पैसे देण्याची एक योजना त्याने आणि काही सहकाऱ्यांनी प्रकल्पाबाहेरून आखली. झाले! सारे जण फुकट राबतात, मग दोघांनाच पगार का, यावरून गदारोळ उठला. काहींनी कामाचा वेग मुद्दाम कमी केला. नेत्याला परत बोलावण्याचा ठराव मतदानाला आला. तो फेटाळला गेला, टाउन्स पदावर राहिला. डिसेंबर २००६ ला ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. चार महिन्यांचा उशीर झाला, मने दुखावली, पण प्रकल्पाचे दोन तुकडे झाले नाहीत. पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन द्यावे की नाही, हा वाद आपल्याही चळवळीत जुना आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे असा वाद मतपेटीपर्यंत पोहोचत नाही. तो हॉटेलातल्या बैठकीत सुरू होतो आणि नव्या लेटरहेडवर संपतो.

तुकड्यांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फुटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. न पटल्यास सगळा कोड उचलावा आणि स्वतःची वेगळी चूल मांडावी. त्याला तिथे फोर्क म्हणतात. २०१४ साली एका तांत्रिक वादावरून काही जण डेबियनमधून बाहेर पडले आणि त्यांनी देवुआन काढले. त्याआधी २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने डेबियनच्या पायावर उबुंटू उभे केले. ते मूळ डेबियनपेक्षा जास्त लोकप्रिय झाले. कुरबुरी झाल्या. पण उबुंटूमुळे डेबियन मेले नाही, कारण जो गेला त्याला काम घेऊन जाता आले, नाव मात्र नेता आले नाही. नाव संस्थेचे आहे. जाणाऱ्याने नवे नाव शोधावे आणि स्वतःच्या कामावर ते मोठे करावे. आता ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाकडे पाहा. दोन वर्षांच्या आत दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट झाले. पुढे किती झाले त्याची मोजदाद वाचकांनीच करावी. प्रत्येकाला नाव तेच हवे, झेंडा तोच हवा, निळा रंग तोच हवा; वेगळे काय, तर कंसात नेत्याचे नाव. बाहेर पडणाऱ्याने नाव नेले आणि काम मागेच टाकले. डेबियनच्या उलट!

पुढची मरडॉकची कारकीर्द कंपन्यांतली आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. इंडियानापोलिसमध्ये त्याने सहकाऱ्याबरोबर प्रोजेनी नावाची कंपनी काढली. डेबियनवर आधारित माल आणि सेवा विकण्याचा तो प्रयत्न होता. ती २००७ साली बंद पडली. मधल्या काळात तो फ्री स्टँडर्ड्स ग्रुपचा आणि ती संस्था विलीन होऊन झालेल्या लिनक्स फाउंडेशनचा प्रमुख तंत्रज्ञान अधिकारी होता. मार्च २००७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या बड्या कंपनीने त्याला बोलावले. काम असे, की सनची सोलारिस ही प्रणाली डेबियनसारखी खुली आणि वापरायला सोपी करून द्यायची. त्याने ओपनसोलारिसची उभारणी केली, मे २००८ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. मरडॉक बाहेर पडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओरॅकलने ओपनसोलारिस बंद केले. नंतर तो एक्झॅक्टटार्गेट या कंपनीत गेला. २०१३ साली ती सेल्सफोर्सने घेतली. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉकर कंपनीत रुजू झाला होता.

माणूस तोच, बुद्धी तीच. विद्यार्थी असताना बिनपैशाने सुरू केलेले आणि तीन वर्षांत सोडून दिलेले काम तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०२३ च्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजेस होती. मोठ्या पगारावर, मोठ्या कंपनीच्या छताखाली केलेले काम मालक बदलताच सात महिन्यांत संपवले गेले. ओपनसोलारिसचाही बराचसा कोड खुला होता, आणि तो घेऊन काही लोकांनी इल्युमॉस या नावाने पुढे काम केले हे खरे. पण निर्णय ओरॅकलचा होता. तिथे राबणाऱ्यांना मत नव्हते. त्यांच्याजवळ परवाना होता, संविधान नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांनाही हा फरक पुष्कळदा दिसत नाही. परवाना खुला असला की लोकशाही आली असे ते समजतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, लेखक गोऱ्यांच्या प्रकल्पाच्या प्रेमात पडला. तसे नाही. मरडॉकचे वडील परड्यू विद्यापीठातच प्राध्यापक होते. वडिलांच्या प्रयोगशाळेत ॲपलचा संगणक होता आणि शाळकरी वयातच त्याचे हात त्यावर पडले. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्या काळात आपल्या वस्त्यांत विजेचा दिवा होता काय, हे विचारा. वीस वर्षांच्या पोराला रात्र-रात्र बसून बिनपगारी प्रोग्राम लिहिता येतो, कारण त्याच्या घरचे त्याच्या कमाईची वाट पाहत नसतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात 'मेरिट' हा शब्द फार मानाने उच्चारला जातो. तुमचा वर्ण, देश, पदवी कोणी विचारत नाही, म्हणे; कोड चांगला असला की पुरे. गुणवत्तेचे हे गाणे आपण मंडलच्या वेळी ऐकले आहे आणि आयआयटीच्या दारातही ऐकले आहे. कोड चांगला लिहायला मोकळा वेळ लागतो, स्वतःचा संगणक लागतो, इंग्रजी लागते, चुकलो तरी कोणी हसणार नाही ही निर्धास्ती लागते. या चार गोष्टी वारशाने मिळालेला माणूस पुढे जातो आणि त्याला गुणवान म्हणतात.

खुद्द डेबियनमध्ये बायका इतक्या कमी होत्या की २००४ साली 'डेबियन विमेन' नावाचा वेगळा गट काढावा लागला. भेदभावबंदीचे कलम तर १९९७ पासून होतेच! केरळच्या श्रुती चंद्रन यांनी २०२० आणि २०२१ साली प्रकल्पनेतेपदाची निवडणूक लढवली आणि डेबियनमधल्या विषमतेचा प्रश्न उमेदवारीतूनच पुढे आणला. दोन्ही वेळा जोनाथन कार्टर निवडून आले. पण प्रश्न मतपत्रिकेपर्यंत गेला. सिलिकॉन व्हॅलीचे तर काय सांगावे? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा दावा लावला. २०२३ साली त्यातले दोन अभियंत्यांवरचे दावे मागे घेतले गेले, कंपनीवरचा चालू ठेवला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला. समुद्र ओलांडून जात तिथे पोहोचल्याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

महाडचे चवदार तळेही ठरावाने खुलेच होते, हे आपण विसरता कामा नये. सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. परवाना मिळाला होता! तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्यात गेली नव्हती. खुला कोड आज त्या १९२४ च्या तळ्यासारखा आहे. कायद्याने आपला आहे, पण तिथवर आपली माणसे गेलेली नाहीत.

का गेली नाहीत, याला आपली व्यवस्थाही जबाबदार आहे. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाले. सरकारी नोकरीला ते लागते म्हणून गरिबाच्या पोराने उसनवार करून फी भरली. तो शिकला काय? विंडोजमध्ये फाईल उघडणे आणि वर्डमध्ये अर्ज टाईप करणे. विकत घेतलेल्या वस्तूची बटणे दाबणे म्हणजे संगणकशिक्षण, हे एका अख्ख्या पिढीच्या मनावर सरकारमान्य पद्धतीने बिंबवले गेले. आणि मग त्याच पिढीने गल्लीतल्या दुकानातून विंडोजची चोरटी सीडी आणून घरी टाकली. जे सोर्स कोडसह कायदेशीर आणि फुकट मिळत होते, ते कोणी दाखवलेच नाही. केरळने सरकारी शाळांतून दोन हजारच्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअर नेले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली, ती कोचीला भरली, हा योगायोग नव्हे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली बॉस नावाची भारतीय प्रणाली काढली, तीही डेबियनवरच बेतलेली. आणि फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या डेबियनच्या पाचव्या आवृत्तीपासून ते मराठीतून बसवता येते. पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी दिसते, कोणी तरी स्वयंसेवकांनी एकेक वाक्य बसून मराठीत आणले म्हणून. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणा मालकाच्या नफातोट्यात मराठी बसते का हे विचारावे लागले नाही. आपल्या विहारांत संगणक आहेत, वसतिगृहांत आहेत, इंजिनिअरिंगची मुलेही आहेत. पाली ग्रंथ, बाबासाहेबांचे साहित्य, चळवळीची जुनी नियतकालिके यांच्यासाठी लागणारी साधने मराठीतून घडवायला या मुलांना अडवणारा कोण आहे?

मरडॉकचा शेवट दुःखद झाला. २८ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत तो मृत्यू पावला. आदल्या दोन दिवसांत पोलिसांनी त्याला अटक करून सोडले होते आणि पोलिसांनी आपल्याला मारहाण केल्याचे त्याने ट्विटरवर लिहिले होते. २०१६ च्या वैद्यकीय अहवालाने ती आत्महत्या ठरवली. त्याच्या आरोपांची उत्तरे त्याच्याबरोबर गेली. नामवंत, गोऱ्या, सुस्थितीतल्या माणसाचीही ही गत. त्यावर यापेक्षा जास्त लिहिणे मला योग्य वाटत नाही.

१७ जून २०१७ रोजी डेबियनची नववी आवृत्ती 'स्ट्रेच' प्रसिद्ध झाली आणि ती त्याच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. ती घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच्या नेतृत्वाखाली एक दिवसही काम केले नव्हते. त्या वर्षी ख्रिस लँब प्रकल्पाचा नेता म्हणून निवडून आला होता. वर्ष संपले, २०१८ ची निवडणूक लागली. या वेळी लँबच्या विरोधात कोणीच उभे राहिले नाही. आपल्याकडे अशा वेळी गुलाल उधळून बिनविरोध जाहीर करतात. लोकसभा-विधानसभेच्या मतदानयंत्रावरही 'नोटा' २०१३ साली आला, पण त्याला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवार निवडून येतोच. डेबियनने एका उमेदवारासाठी पुरते मतदान घेतले. मतपत्रिकेवर दोन पर्याय होते, ख्रिस लँब आणि यापैकी कोणीही नाही; दुसऱ्याला हरवल्याशिवाय पहिल्याला खुर्ची मिळणार नव्हती.